मदत हवी आहे: पिनबॉलचं जुनं मशीन घेऊ की नवं?

मंडळी, घरी ठेवायला एक पिनबॉल मशीन (उतरत्या फळीवर धातूचा चेंडू फटके मारून खेळवायचा, ते) घ्यायचंय आणि निर्णय काही होत नाहीये. माझ्या मते दिवे आणि आवाज नंतर. रॅम्पवर, म्हणजे फळीवरच्या चढत्या वाटेवर, चढलेला चेंडू वळसा घालून अलगद दुसऱ्या फ्लिपरवर (खालच्या टोकाला चेंडू मारणाऱ्या दोन दांड्यांपैकी एकीवर) यायला हवा, म्हणजे पुढचा फटका लगेच मारता येतो. ती लय एकदा लागली की मशीन सोडवत नाही! आणि नेम चुकला तर शिक्षा हवीच. 1997 च्या 'मिडीव्हल मॅडनेस' या मशीनमध्ये समोरच किल्ला उभा; काय पाडायचं ते नवख्यालाही कळतं, पण फटका जरा तिरका बसला की चेंडू दोन्ही फ्लिपरच्या मधून गायब. पानभर नियम पाठ करून खेळायचं असेल तर नको बुवा.

पण 1970 च्या आसपासची मशीन्सही खुणावतात. गुणांची चाकं खटाखट फिरतात, खऱ्या घंटा वाजतात. फक्त खेळ जरा संथ. नव्या मशीनला साधारण 6.5 अंशांचा उतार देतात. जुन्याला तेवढाच दिला तर वेग येईल, की फ्लिपरची ताकदच अपुरी पडेल? कुणी करून पाहिलंय का? आणि रोज खेळून वर्षभरानंतरही कंटाळा न आलेलं तुमचं मशीन कोणतं, तेही सांगा.