ड्राय हॉपिंगचा हिरवा चोथा बाटलीत येतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी परभणीचा. दोन वर्षांपासून हौसेपुरती घरी बिअर करतो. गव्हाची, पेल एल, सगळं जमत आलं होतं. फेब्रुवारीत पहिल्यांदा ड्राय हॉपिंग केलं, म्हणजे आंबून झालेल्या बिअरमध्ये वासासाठी हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) टाकली, आणि तिथं अडलो.

15 लिटरची बॅच, तोटीची फूडग्रेड बादली, कॅस्केड जातीच्या हॉप्सच्या 50 ग्रॅम गोळ्या. फसफस थांबल्यावर गोळ्या वरून तशाच टाकल्या आणि चार दिवस ठेवल्या. गोळी म्हणजे दाबलेला भुगाच. बिअरमध्ये पडली की फुगून फुटते आणि वर शेवाळासारखा थर धरते. झाकण उघडलं तेव्हा संत्र्याच्या सालीसारखा इतका सुंदर वास आला की घरचे सगळे येऊन वास घेऊन गेले.

बाटल्या भरताना पहिल्या सहा नीट भरल्या. मग तोटीची धार बारीक झाली, नंतर थेंब थेंब. बादली जरा हलवली तर तळाचा सगळा साका वर उठला. शेवटी चक्का बांधायचं पातळ फडकं उकळून घेतलं आणि उरलेली बिअर त्यातून गाळली.

बाटलीत गॅस धरावा म्हणून घालतात ती साखर मोजून 90 ग्रॅमच घातली होती. तरी पंधरा दिवसांनी बाटली उघडली तर फेस भसाभसा उसळून अर्धी बिअर ओट्यावर, फेसात हिरवे कण. गाळलेल्या बाटल्यांचं आणखी वाईट झालं. महिन्याभरात रंग गडद झाला, चव ओल्या पुठ्ठ्यासारखी, संत्र्याचा वास पार गेला. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

हॉप्स पिशवीत बांधून टाकावीत का? वास कमी उतरतो म्हणतात. की थंड करून चोथा तळाला बसवावा? जुना फ्रीज आहे, कप्पे काढले की बादली बसते, पण आमच्याकडे लाइट दोन-दोन तास जाते. कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा.

वाळूजकर :
भाऊ, आधी उरलेल्या बाटल्या फ्रीजमध्ये ठेवा. परभणीच्या उन्हाळ्यात त्या फुटू शकतात. दोष एकट्या चोथ्याचा नाही. कणांवर गॅस सुटतो, म्हणून फेस उसळतो हे खरं. पण हॉप्समधली एन्झाइम्स उरलेल्या न आंबणाऱ्या साखरा फोडतात, यीस्ट पुन्हा कामाला लागतं आणि बाटलीत जास्तीचा गॅस होतो. म्हणून हॉप्स टाकल्यावर हायड्रोमीटरचं (बिअरमध्ये साखर किती उरली ते दाखवणारी काचेची नळी) रीडिंग दोन-तीन दिवस एकच येईपर्यंत भरू नका.

फडक्यातून कधीच गाळू नका. धार हवेतून पडते, ऑक्सिजन मिसळतो. पुठ्ठ्याची चव त्याचीच.

बारीक जाळीच्या नायलॉनच्या दोन पिशव्या घ्या, उकळा, प्रत्येकीत 25 ग्रॅम आणि वजनाला स्टीलचा चमचा टाका. गाठ सैल मारा, गोळ्या फुगायला जागा हवी. आवळून बांधली तर मधला भुगा कोरडा राहतो आणि वास कमी उतरतो तो त्यामुळं.

बारीक भुगा तरीही निसटतोच. त्याला थंडीच हवी. 2-3 अंशांवर दोन दिवस ठेवा, सगळं तळाला बसतं. लाइटची काळजी नको, दार बंद असलं की 15 लिटर थंड बिअर दोन तासांत फारशी तापत नाही. पण थंड होताना बादली एअरलॉकमधून (गॅस बाहेर सोडणारी झाकणावरची पाण्याची नळी) हवा आत ओढते. त्यामुळं आंबत असतानाच एअरलॉकच्या जागी नळी बसवून फुग्यात गॅस भरून घ्या आणि तो फुगा तसाच राहू द्या.

एक गोष्ट मी चार बॅच वाया घालवून शिकलो. फ्रीजमध्ये ठेवतानाच तोटीच्या बाजूखाली लाकडी पाचर द्या. साका मागच्या बाजूला बसतो, तोटीजवळ निवळ राहते. शेवटचा लिटरभर जीव तुटला तरी सोडून द्या.

धागाकर्ता :
दादा, मनापासून आभार. अकरा बाटल्या उरल्या होत्या, आत्ताच आत ठेवल्या. पाचरीचं मला सुचलंच नसतं. पिशवी किती दिवस ठेवू?

वाळूजकर :
तीन दिवस. मग पिशवी काढा, न पिळता. पिळली की सगळा भुगा परत आत.