नदीवरचं पोहणं, घाटावरची न्याहारी: तुमच्या आठवणी लिहा

वाईची_लेक
काल भाचीला पोहायला सोडायला गेले होते. तिने दंडाला फुगे लावले आणि मला मामाचा रॉकेलचा डबा आठवला. मामा मार्चमध्ये गेला, तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

मे महिन्यात सकाळी सहाला तो आम्हा सगळ्या भावंडांना मेणवलीच्या घाटावर न्यायचा. पाठीला डबा, काखेतून आवळलेली काथ्याची दोरी. तिसऱ्या दिवशी काखा सोलवटलेल्या असायच्या. आजी खोबरेल लावायची, चौथ्या दिवशी परत डबा! एकदा मामाने पाण्यातच गुपचूप गाठ सोडली. डबा एकटाच लांब तरंगताना दिसला तेव्हा कळलं, मी पोहतेय.

मग पायऱ्यांवर बसून भाकरी, भरीत, बुक्कीने फोडलेला कांदा. ओल्या अंगानेच मेणेश्वराजवळची ती मोठी घंटा बघायला जायचो. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली, बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल तिच्यावर आहे. मामा दरवेळी तेच सांगायचा, आम्ही दरवेळी तितक्याच नवलाने ऐकायचो.

तुम्ही कुठे शिकलात?

सांगलीकर
आयर्विन पूल. बास. पुराच्या पाण्यात त्यावरून उड्या टाकणारी पोरं बघत मोठा झालो. १९२९ चा पूल आहे. मी स्वतः घाटावरूनच मुटका मारायचो, वडिलांनी तंबीच दिली होती. आता मगरींमुळे पुतण्याला गुडघाभर पाण्यातही सोडत नाही. फार वाईट वाटतं.

रानजाई
मामांबद्दल वाचून डोळे भरले गं ताई.
आमच्याकडे डबा नव्हता, पांगाऱ्याचा बिंडा असायचा. वाळलं लाकूड, एकदम हलकं.

पारनेरी
आमच्या निघोजला कुकडीत रांजणखळगे आहेत. भोवऱ्यात गोटे फिरून फिरून कातळ कोरला गेलाय. डबे घेऊन जरूर या, पण कुणीही आत उतरू नका. कडा गुळगुळीत, हाताला धरायला काही नाही.

कोकणी_माणूस
डबे म्हणजे जेवणाचे ना? आधीच्या डब्यांमुळे गोंधळलो 😄

पारनेरी
हो दादा, जेवणाचेच 😄

भाकरतुकडा
भरीत कृष्णाकाठच्या वांग्यांचं होतं का? पुण्यात कुठे मिळतात ती? मुलाला दुसरी चालतच नाहीत.

सांगलीकर
@भाकरतुकडा सांगलीहून कुणी येणारं असेल तर मागवा. काटेरी देठाची बघून घ्या.

नदीवेडा
एक कळकळीने सांगतो. नदी तीच असली तरी तळ तो राहिलेला नाही. वाळू उपशाने खड्डे झालेत. काठाजवळ कमरेएवढं पाणी आणि पुढच्या पावलाला माणूस बुडेल एवढा डोह. माझा शाळेतला मित्र असाच गेला, पट्टीचा पोहणारा होता. धरणाच्या खाली तर पाणी कधी सोडतील ते गावात विचारल्याशिवाय उतरूच नका.

वाईची_लेक
@नदीवेडा, खूप वाईट झालं. आमच्या वर धोम धरण, त्यामुळे मामाही आधी काठावर धुणं धुणाऱ्या बायकांना विचारायचा, "काय मावशी, पाणी वाढलंय का?" त्यांनी नाही म्हटलं तरच आम्ही पाण्यात.

रानजाई
डब्यात पाणी नाही शिरायचं?

वाईची_लेक
नाही गं. डब्याचं तोंड डाग देऊन पक्कं बंद करून आणायचा मामा. डाग सुटला तर बुडबुडे यायचे, की लगेच सगळे बाहेर.

भाकरतुकडा
वांगी मिळाली! शेजारच्या काकू उद्या मिरजेहून येतायत.