दुसऱ्याच चालीला वजीर बाहेर? पोट्ट्यांचं वाटोळं करू नका

बुद्धिबळ शिकवण्यावरची परवाची पोस्ट अशी: "खेड्यातल्या पोरांना थिअरी नको. राजाचं प्यादं दोन घरं, मग वजीर एच५ या घरावर, उंट सी४, चौथ्या चालीला मात. जिंकलं की पोरगं आपोआप शिकतं."

पारावरचं प्यादं: हे वाचून डोकं तापलं, म्हणून लांबलचक लिहितो. दारव्ह्याकडच्या एका गावात पाच वर्षांपासून संध्याकाळी पोट्टे खेळवतो, फुकटात. एफ७ ला राजाशिवाय राखणदार नाही, हे पोरांना दाखवाच. पण वजीर एच५ ला आला की जाणतं पोरगं घोडा सी६ काढतं. उंट सी४ ला जी६, वजीर एफ३ ला पळतो, लगेच घोडा एफ६. काळ्याचे दोन्ही घोडे बाहेर, आणि आपला वजीर गावभर हिंडून आपल्याच घोड्याच्या जागेवर! माझा एक पोट्टा जिल्ह्याला याच चालीवर दोन डाव जिंकला, पुढचे चार हरला. मग पटाकडे फिरकलाच नाही. घोडा एफ३, उंट सी४, किल्लेकोट. ही इटालियन सुरुवात शिकवा.

हत्ती_फुकट: पोस्ट माझी आहे. भाऊ, माझे पोट्टे चौथीतले. समोरचा घाबरून लगेच जी६ ठोकते, मंग वजीर ई५ चं प्यादं शह देऊन उचलते अन् कोपऱ्यातला हत्ती फुकट. तो आनंद तुमच्या इटालियनमध्ये कुठी हाये? पंधरा चालीपर्यंत काहीच होत नाही.

पारावरचं प्यादं: काहीच होत नाही? काळ्यानं घोडा एफ६ केला तर घोडा जी५ टाकून पाहा. काळ्यानं डी५, आपण प्यादं मारलं, काळ्यानं घोड्यानं परत मारलं की एफ७ वर घोडा द्यायचा. राजा भर चौकात येतो.

मेहकरची ताई: अन् परत न मारता घोडा ए५ केला की? तुमचंही शिकार करणंच झालं. मी तर उंट बी५ च शिकवते, रुय लोपेझ नावाची सुरुवात.

हत्ती_फुकट: ताई, तुमच्या त्या उंटाला काळ्यानं बर्लिन बचावानं उत्तर दिलं की आठव्या चालीला दोघायचे वजीर मारले जाते. २००० साली लंडनला जगज्जेतेपदाच्या लढतीत खुद्द कास्पारोवले क्रॅमनिकची ती भिंत फोडता आली नाही. आमच्या पोट्ट्यानं काय फोडावं!

आबा पुसदकर: मुळात प्यादं दोन घरं हेच साहेबाचं. आमच्या पारावर एकच घर. राजाला शह लागला नसेल तर त्याला एकदा घोड्यासारखी उडी. सुलतान खान देशी नियमांवरच वाढला आणि १९२९, १९३२, १९३३ असं तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद घेऊन आला.

मेहकरची ताई: आबा, आमच्याकडे शह लागल्यावरही उडी चालायची.

आबा पुसदकर: चालत नव्हती. तुमच्याकडे कोणीतरी रडीचा डाव खेळलं असेल.

मेहकरची ताई: माझ्या वडिलांना रडे म्हणता? याच उडीवरून काका आणि बाबा पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत बोलले नाहीत. तोंड सांभाळून.

हत्ती_फुकट: राजेहो, विषय काय, चाललं काय! दिव्या देशमुख २०२५ ला जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हम्पीले हरवून महिला विश्वचषक घेऊन आली, आपण येथी राजाच्या उडीवर भांडून रायलो.

पारावरचं प्यादं: दिव्याचं नाव घेऊच नका. ती नागपूरची. आमच्या पोट्ट्याला स्पर्धेला जायचं तर सकाळची एकच एसटी, चुकली की पहिला डाव गेला. आणि तुमचा प्रशिक्षक ऑनलाइन शिकवतो तेव्हा इथं लाइट नसते. चार चालींत मात शिकवायला सोपं, म्हणून तुम्ही तेच शिकवता.

हत्ती_फुकट: हे लागलं. मी पण सोयाबीन सोंगून रात्रीच शिकवतो, पगार कोणाच्या बापाचा नाही. बरं, घोडा सी६ चा तोड दाखवीन पोट्ट्यायले. बस, खुश? वजीर मात्र काढणारच.

पारावरचं प्यादं: काढा. रविवारी माझी सातवीतली पोरगी काळे घेऊन बसते.

आबा पुसदकर: शह लागला की उडी गेली म्हणजे गेली.