गोदावरीवर फ्लाय फिशिंग: सॅल्मनची रीत इथे चालेल का?

गोदाकाठ: ९ फुटी, ८ नंबरची फ्लाय रॉड आणि तरंगणारी लाईन आहे. स्कॉटलंडमध्ये सॅल्मनसाठी फ्लाय (गळावर बांधलेले हलके नकली आमिष) टाकतात, ती पद्धत नांदेड-परभणीच्या पट्ट्यात कोणत्या माशावर चालेल? काठावर बाभळी आहेत, मागे लाईन उडवायला जागा नाही. मासा सोडूनच द्यायचा आहे. पहिल्या पुरात गळ टाकावा का?

मरळवाला: मरळ धरा. नदीत चढलेला सॅल्मन जवळपास काही खातच नाही, त्याची रंगीत फ्लाय त्याला डिवचण्यासाठी असते. मरळ मात्र भुकेने झेप घेतो, म्हणून त्याला बेडकासारखी फोमची फ्लाय लागते. गळ १/० चा, एकाच टोकाचा. गळाच्या तोंडापुढे जाड नायलॉनचा वेढा बांधा, नाहीतर दर फेकीला शेवाळ आणि जलपर्णी अडकेल. लीडर (लाईन आणि फ्लाय यांमधला नायलॉनचा दोरा) ७ फुटांचा पुरे, शेवटचा तुकडा २० पौंडांचा ताण सोसणारा. मरळाला दात असतात आणि तो सरळ गवतात घुसतो, त्यामुळे बारीक नायलॉन टिकत नाही.

फ्लाय पडली की क्षणभर थांबा, मग लाईन हाताने थोडी थोडी ओढा. पाणी उडाल्याबरोबर रॉड वर उचलण्याची घाई बहुतेकांना नडते. मासा फ्लाय घेऊन खाली वळेपर्यंत थांबा आणि रॉड खालीच ठेवून हाताने लाईन ताणा.

बाभळींवर उपाय स्कॉटलंडच्या स्पे नदीवरच निघालेला आहे. तिथेही काठाला झाडे, म्हणून लाईन मागे न उडवता फेकतात. तुमच्या एकहाती रॉडने रोल कास्ट करा. रॉड सावकाश खांद्यामागे न्या, लाईनचा पोटासारखा बाक मागे लोंबू द्या, शेवटचे टोक समोर पाण्यावर टेकलेले राहू द्या, मग झटक्याने पुढे. ते टोक पाण्यातून सुटले की पकड जाते आणि सगळी लाईन पायाशी गोळा होते. मरळासाठी ३०-४० फूट पुष्कळ झाले.

बंधारा_पाहणारा: पहिल्या पुरात नको, कळकळीने सांगतो. रोहू, कटला, मृगळ वाहत्या पुराच्या पाण्यातच अंडी घालतात. चढणीचे मासे बंधाऱ्याखाली अडून एका जागी जमतात आणि नेमके तिथेच जाळे पडते. पोटात अंडी असलेली एक मादी गेली की लाखाच्या घरातली अंडी गेली. कोल्हापुरी बंधाऱ्याची दारे पावसाळ्याआधी निघाली तर मासा वर जातो, राहिली तर तिथेच संपतो. स्कॉटलंडमधल्या पिटलॉक्रीच्या धरणाला सॅल्मनसाठी ३४ कुंड्यांचा जिना बांधला आहे, आपल्याकडे निदान दारे तरी वेळेवर निघावीत. स्कॉटलंडमध्ये १ एप्रिलच्या आत सापडलेला सॅल्मन कायद्यानेच परत सोडावा लागतो. तुम्ही जून ते सप्टेंबर गळ गुंडाळून ठेवा.

मरळवाला: हे बरोबर. मरळाची वीणही पावसाळ्यातच. काठाजवळ तांबूस पिलांचा थवा पाण्यावर उकळल्यासारखा दिसला तर खाली आईबाप राखणीला असतात. ते कोणत्याही फ्लायवर तुटून पडतात, म्हणून तिथे टाकणे मला तरी पटत नाही. राखण गेली की इतर मासे पिले फस्त करतात.

ओला_हात: सोडायचाच असेल तर गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडने आधीच दाबून सपाट करा. मासा धरण्यापूर्वी हात ओले करा, कोरड्या हाताला अंगावरचा चिकट थर निघून येतो आणि तिथे बुरशी लागते. कल्ल्यात बोटे घालू नका. मरळ हवेतूनही श्वास घेतो, तो तग धरेल, रोहू नाही. त्याला पाण्यातच ठेवून गळ काढा. एप्रिल-मेच्या दुपारी टाकूच नका, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा सोडल्यावरही मरतो. चिलापी लागला तर सोडू नका, बाहेरून आलेला आहे, घरी न्या.

आणि आधी विचारा. बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, तिथल्या भोई मंडळींचे पोट त्यावर आहे. नाथसागर तर पक्षी अभयारण्य आहे, तिथे वन विभागाला विचारल्याशिवाय रॉड उघडू नका.