भाड्याच्या खोलीतला पावसाळा: आपापल्या युक्त्या सांगा

सायली_डोंबिवली
आज जिन्यात कुणाच्या तरी दारातून ओल्या कपड्यांचा कुबट वास आला आणि वसतिगृहातले जुलै महिने आठवले. नोकरीसाठी मुंबईत आलेली किती पोरं एका खोलीत तिघं-तिघं राहतात. गॅलरी नाही, मशीन नाही. त्यांना उपयोग होईल असं नेमकं लिहा.
मी सुरुवात करते. कपडे वाळतात ते हवा खेळली की. दोरी पंख्याखाली बांधा आणि दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा. खिडकी फटभर तरी उघडी हवी, नाहीतर तोच दमट वारा खोलीत फिरत राहतो आणि ओल भिंतीत मुरते. जीन्स उलटी करा, खिसे बाहेर ओढा, कमरेला चार बाजूंनी चिमटे लावून नळीसारखी उघडी टांगा. जीन्स सगळ्यात उशिरा वाळते ती कमरपट्ट्याशी आणि खिशांच्या शिवणीत.

निखिल९
पिळून झालं की कपडा कोरड्या टॉवेलवर पसरायचा, टॉवेलसकट गुंडाळायचा आणि वळकटीवर गुडघ्याने दाब द्यायचा. बरंच पाणी टॉवेलमध्ये उतरतं. टॉवेल लगेच वेगळा वाळत घाला.

मृण्मयी
वास येतो तो कपडा फार वेळ ओला राहिल्यामुळे, त्यात जंतू वाढतात. म्हणून लोक पावडर जास्त घालतात, आणि तिथेच चुकतं. जास्तीची पावडर धाग्यात राहते, कपडा चिकट होतो, वास आणखी धरतो. पावडर नेहमीपेक्षा कमीच घाला, खळबळून दोनदा काढा. शेवटच्या बादलीत अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर. टॉवेलला सुवासिक कंडिशनर अजिबात नको, त्याचा थर बसतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो.

पश्या_कुर्ला
देवा, तो वास 😭 सगळ्या पीजीवाल्यांना माझा पाठिंबा

अनघा_ताई
भिंतीबद्दल सांगते. कपाट आणि गादी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, वीतभर जागा सोडा. बुरशी दिसली तर कोरड्या झाडूने झाडू नका, ती खोलीभर उडते. नाकाला रुमाल बांधून ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या.
ओल कुठून येते तेही बघा. पाऊस पडला की डाग वाढतो आणि उघडीप मिळाली की आकसतो, तर पाणी बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून येतंय. कोरड्या दिवसांतही डाग तेवढाच ओला राहिला तर वरच्यांच्या मोरीचा नाहीतर पाइपचा संशय धरा. हे कळल्याशिवाय मालकांशी बोलण्यात अर्थ नाही, ते वरून रंग मारून देतात. ओल्या भिंतीवरचा रंग टिकत नाही, पोपडे निघतात. घर ताब्यात घेतानाच सगळ्या भिंतींचे फोटो काढून मालकांना पाठवून ठेवा, पुढे डिपॉझिट परत घेताना वाद होत नाही.

डॉ_मनवा
अनघाताईंच्या मुद्द्याला जोडून, बुरशीवर ब्लीच वापरणार असाल तर त्यात व्हिनेगर किंवा मोरीचं ॲसिड कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो, छोट्या मोरीत जीवावर बेतू शकतं.

रोहन_विरार
बूट: आतला तळवा काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला. गॅसजवळ ठेवू नका, चामडं तडकतं आणि डिंक सुटतो.
आणि सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं की सरळ ऑफिसात थांबा. भरतीची वेळ सकाळीच बघून ठेवा. भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की पाणी समुद्रात जायला वाटच राहत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता, तेव्हाही दुपारी भरती होती.

डॉ_मनवा
@रोहन, साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर घरी येऊन साबणाने पाय धुवा. पायाला जखम असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा, लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक गोळी ते वजन आणि इतर औषधं विचारून देतात. केमिस्टकडून आपल्या मनाने घेऊ नका.

पश्या_कुर्ला
बोर्डाला हात लावला की झिणझिण्या येतायत, भिंत ओली आहे. चालतं का थोडे दिवस?

निखिल९
नाही पश्या! मेन बंद कर, आत्ताच. वायरमन येईपर्यंत तो बोर्ड वापरायचा नाही. खोलीला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का बघ, ३० मिलीअँपिअरचा हवा. वायरमनने वीज चालू केल्यावर त्यावरचं टेस्ट बटण दाबूनही तो पडला नाही तर तो निकामी आहे.

कोकणी_मुलगी
रवा आणल्या दिवशीच कोरडा भाजा, पूर्ण गार होऊ द्या, मग डब्यात. गरम भरला तर झाकणाला वाफ धरते आणि गुठळ्या होतात. मिठात तांदळाचे दहा-बारा दाणे.

मृण्मयी
पोहेही भाजून ठेवायचे का गं?

कोकणी_मुलगी
पातळ असतील तर हो, चिवड्याला तयारच होतात. जाडे नको, ते भिजवायचेच असतात. पाव-पाव किलोच आण.

पश्या_कुर्ला
मेन बंद केला. वायरमन सातला येतोय. थँक्यू निखिल.