आरन डोनाल्ड एवढा भारी का मानतात?

प्रश्न: मुलगा सध्या अमेरिकेत शिकतोय, त्याच्यामुळे मी एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बघायला लागलो. तो सारखा म्हणतो की आरन डोनाल्डसारखा डिफेन्सिव्ह टॅकल झाला नाही. बॉल हातात नाही, स्कोअर करत नाही, मग एवढं कौतुक कशाचं? कोणी नीट सांगेल का?

प्रतिसाद १: दादा, त्याचं काम म्हणजे समोरच्या खेळाडूंची भिंत फोडून क्वार्टरबॅकपर्यंत (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) पोचायचं, बॉल फेकायच्या आत त्याला पाडलं की सॅक. डोनाल्डचे १० सीझनमध्ये १११ सॅक आहेत, त्यातले २०.५ एकट्या २०१८ मध्ये, आणि तेही मधल्या जागेवरून जिथे बहुतेक वेळा दोन-दोन जण त्याला अडवायला असायचे!

प्रतिसाद २: उंची सहा फूट एक इंच, या जागेसाठी कमीच. म्हणून २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवीन खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) रॅम्स संघाने त्याला घेतलं तोवर १२ जण निवडून झाले होते. पण पोरगा लहानपणापासून पहाटे उठून वडिलांबरोबर पिट्सबर्गच्या घरातल्या तळघरात वेटलिफ्टिंग करायचा, ताकद तिथून आलीये. मला तर वडिलांचंच जास्त कौतुक वाटतं.

प्रतिसाद ३: फेब्रुवारी २०२२ चा सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल, बघाच. रॅम्स २३-२० पुढे, बेंगल्सचा शेवटचा चान्स, आणि याने त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो याला धरून असा गरागरा फिरवला की पास वायाच गेला, अंगावर काटा येतो अजून. तीनदा डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम बचावपटू), दहाही सीझन प्रो बोलसाठी (लीगमधल्या निवडक खेळाडूंचा सन्मान) निवड, आणि मार्च २०२४ मध्ये फॉर्मात असतानाच रिटायर.

प्रश्नकर्ता: धन्यवाद मंडळी, आज रात्रीच मुलाबरोबर व्हिडिओ कॉलवर ती मॅच लावतो.