वणव्यानंतरच्या डोंगरवाटेबद्दल मदत हवी आहे

मंडळी, दोन महिन्यांपूर्वी वणव्यात होरपळलेली आमची नेहमीची डोंगरवाट पुन्हा खुली झाली आहे. काल पायथ्यापर्यंत जाऊन आलो. एका जळक्या बुंध्याशेजारी काठी टेकवली, तर ती हातभर आत गेली! मुळं आतल्या आत जळून पोकळी झालेली, वर नुसता राखेचा पापुद्रा. तेव्हापासून धास्तीच बसली आहे. जळकी झाडं वारा नसतानाही कोसळतात, जळलेल्या मातीत पाणी मुरत नाही म्हणून थोड्या पावसातही लोंढा येतो, एवढं ठाऊक आहे. पण अशा पोकळ्या वरून ओळखायच्या कशा? सोबत १२ वर्षांची मुलगी असेल. आणि राखेसाठी साधा मास्क चालेल की एन-९५च हवा? अशा वाटेने गेलेल्यांनी कृपया सांगा.